हलका हात

प्रिय ताई,

तू आठवडाभर राहून गेलीस, तेव्हापासून आई तुझेच गोडवे गाते. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यापासून तिचा हात सुजतो, म्हणून रोज बोटांपासून खांद्यापर्यंत घट्ट पट्टी बांधावी लागते. तू मायेनं सैल बांधायचीस. त्यानं सूज वाढली, तरी आई मलाच ऐकवते, "थोरलीचा हात किती हलका! तुझा म्हणजे सुताराचा."

आज मीही मुद्दाम सैल बांधली. पेंगलेली आई हसून म्हणाली, "थोरले, कधी आलीस गं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पट्टी सोडून मी पुन्हा घट्ट बांधली.

"आई गं! तूच होय," ती कळवळली.

हे पत्र तुला पाठवणार नाही ताई, पण तिच्या त्या 'तूच होय'नंही मला बरं वाटलं.

तुझीच,
धाकटी