एक्केचाळिसावा फोटो

शुक्रवार, ३ मे
ठरलं. रविवारी बाबांचे दोन्ही रोलवाले कॅमेरे घेऊन तळ्यावर. आईचा हसरा फोटो काढायचाच. अल्बममध्ये एकही नाही. सगळीकडे ओठ आवळून, दाताच्या डॉक्टरकडे आणल्यासारखी. पंचाहत्तरी झाली, आता कधी? बायको म्हणाली, मोबाइलवर काढ की. तिला कलेतलं कळत नाही. संकल्प: आईचा फोटो मोबाइलवर काढणार नाही म्हणजे नाही.

शनिवार, ४ मे
रोल भरला. हात आपोआप चालला. बाबांवर गेलाय. बायकोने विचारलं, रोलचं टोक आतल्या रोल ओढणाऱ्या दांडीत नीट अडकलंय ना, उघडून बघ. उघडलं की उजेड लागून रोल वाया जातो, हे तिला शांतपणे समजावलं. दुसऱ्या कॅमेऱ्यात काहीतरी खुळखुळतंय. पण गळ्यात शोभतो. नेणार.

रविवार, ५ मे, सकाळ
उजेड उत्तम. मीही.

रविवार, संध्याकाळ
आईला बाकावर बसवलं. अंतर मोजलं. उजेड मोजला. परत अंतर मोजलं. आई म्हणाली, काढ रे बाबा, तोंड अवघडलं माझं. नंतर लय सापडली. रोल छत्तीसचा, मी एक्केचाळीस काढले, तरी खटका पुढे सरकतोच आहे! जुन्या मालात बरकत असते. बायकोने विचारलं, एवढे कसे निघतात? अनुभव, म्हटलं.
आई काही हसली नाही. पण शेवटच्या फोटोत हसण्याच्या बेतात होती. तोच मोठा करणार.

सोमवार, ६ मे
लॅबवाल्याकडे कॅमेऱ्यासकट रोल दिला. घरी येऊन फ्रेमसाठी खिळा ठोकला.

बुधवार, ८ मे
रोल कोरा. टोक दांडीत अडकलंच नव्हतं, त्यामुळे रोल डबीतून बाहेरच आला नाही, असं लॅबवाल्याचं म्हणणं. म्हणजे दिवसभर मी नुसताच खटखट करत होतो. त्याचा सूर आवडला नाही. बायकोने त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. तेही आवडलं नाही.
आई मात्र रोज विचारतेय, आले का फोटो? लॅबमधलं रसायन संपलंय, असं सांगणार.

गुरुवार, ९ मे
आईला आधी रसायन सांगितलं. मग खरं सांगितलं. फार वाईट वाटत होतं.
आई म्हणाली, अगदी बाबांवर गेलायस. त्यांच्या कॅमेऱ्यातून जन्मात एक फोटो आला नाही. अल्बममधले सगळे तुझ्या मामाने काढलेले. बाबा समोर उभे राहून ऐटीत खटखट करायचे, आणि त्यांच्या मागून मामा गुपचूप खरा फोटो घ्यायचा. मला हसू फुटलं असतं तर त्यांना कळलं असतं, म्हणून मी ओठ आवळून बसायचे.
आणि आई हसायला लागली. दात, डोळे, खांदे, सगळ्यांनी. पदराची शुद्ध नाही, चष्मा खाली. बराच वेळ हसत होती.
मोबाइल माझ्या हातातच होता.
संकल्प मोडला नाही.