कानाझावा येथील मुक्कामाबाबत

चि. श्रुती हिस,
अनेक आशीर्वाद.

मी, दामोदर केशव फणसळकर, वय वर्षे छप्पन्न, बी.कॉम., पुण्याच्या एका संगणक कंपनीतर्फे गेली चार वर्षे हॉलंडमधील नायमेखन येथे लेखाप्रणालीच्या कामावर आहे. हे पत्र लिहिण्याचे प्रयोजन एवढेच की, गेल्या महिन्यात जपानच्या सहलीत मी तुमच्या कानाझावाला येऊन गेलो ही गोष्ट मी तुझ्या आईपाशी साफ नाकारली होती. ती खरी आहे.

गेल्या रविवारी तू आईला फोनवर जे म्हणालीस, ते तिने मला शब्दशः ऐकवले. "बाबांनी एकदा तोंडाने सांगावं, मी त्यांची कोण. 'कोणी नाही' असं म्हणाले, तर मी पुन्हा फोन करणार नाही." त्यानंतर ती मला एवढेच म्हणाली, "आता बोला." मी पेपर उघडला. तो डच भाषेत होता आणि मला डच वाचता येत नाही, हे तिने दाखवून दिले.

आधी प्रवासाविषयी. क्रम सोडून लिहिणे मला जमत नाही.

मॉस्कोमार्गे जाणारे सर्वांत स्वस्त विमान घेतले होते. ऑफिसमधल्या विनयने स्वस्त मुक्कामांची यादी दिली होती. तीत ओसाकाचे एक ठिकाण होते, जिथे माणसाला भिंतीतल्या खणात झोपवतात. आपल्याकडे मुरांबा ठेवायला याहून मोठा खण असतो. आत शिरताना डोके आपटले, बाहेर पडताना पुन्हा आपटले, आणि दोन्ही वेळा समोरच्या खणातल्या गृहस्थांनी माझी क्षमा मागितली. डोके माझे, खण मालकाचा. यांचा काय संबंध? पण क्षमा मागणे हा त्या देशाचा राष्ट्रीय उद्योग दिसतो. रस्ता खोदून ठेवतात आणि खड्ड्याशेजारी वाकून क्षमा मागणाऱ्या माणसाचे चित्र लावतात.

शाकाहारी माणसाचे हाल तर विचारूच नकोस. "नो फिश?" असे विचारले की हसतमुखाने "नो फिश" म्हणतात आणि माशाच्या पाण्यात शिजवलेली भाजी पुढे ठेवतात. मासा काढून घेतला म्हणजे मासा नाही, हे त्यांचे तर्कशास्त्र. मी दहा दिवस केळी, पाव आणि आईने डब्यात दिलेल्या दाण्याच्या चटणीवर काढले. केळ्याची साल टाकायला कचऱ्याचा डबा म्हणशील, तर अख्ख्या शहरात नाही. ती खिशात घेऊन मी एक किल्ला पाहिला. आगगाडीत कोणी बोलत नाही. तपासनीस डब्यातून बाहेर पडताना रिकाम्या बाकांनाही लवून नमस्कार करतो. शौचकूपाला बटणे सोळा, आणि मला हवे असलेले एकही नाही. इथले डच लोक दुपारी चीज-पाव खाऊन स्वतःला सुसंस्कृत समजतात, त्यांच्याविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. जपान पाहिल्यावर ते किंचित सुधारले.

सर्वांनी क्योतोनंतर हिरोशिमा पाहावे असे सांगितले होते. मी कानाझावाला गेलो. बागेची कीर्ती ऐकली होती. बाग मी पाहिली नाही.

तिथे एका विधवा बाईंच्या घरगुती अतिथिगृहात उतरलो. त्या सत्तरीच्या असतील. खोलीत घडी करून ठेवलेला सुती झगा होता, जेवणाला तो घालून खाली यायचे असा रिवाज. त्याच्या दोन बाजू छातीवर एकमेकींवर घ्यायच्या. आपल्याकडे उजवी बाजू शुभ, म्हणून मी उजवी वर घेतली, पट्टा नीट बांधला आणि खाली गेलो.

बाई हातातला वाडगा ठेवून जवळजवळ धावतच आल्या. काही कळायच्या आत, चार परक्या माणसांदेखत, त्यांनी माझा पट्टा सोडला. मी ओरडलो. मराठीत ओरडलो: "अहो, काय चालवलंय काय!" त्यांच्यावर परिणाम शून्य. त्यांनी डावी बाजू वर आणली, पट्टा बांधला, छातीवरून हात फिरवून झगा सारखा केला आणि जेवायला बसलेल्या नागोयाच्या एका मास्तरांना काहीतरी सांगितले. ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "राइट साइड अप, डेड मॅन. ओन्ली डेड मॅन."

मला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. जानवे डाव्या खांद्यावर असते आणि पितरांच्या कामापुरते उजव्या खांद्यावर घ्यायचे, हे मी आठव्या वर्षापासून जाणतो. बाई मात्र जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाहत होत्या. जिवंत माणसाला मेलेल्याचा वेश कोणी चुकूनही करू नये, असे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिले होते. मला घास गेला नाही. भातात मासा नव्हता, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी आलो. पत्ता आईच्या वहीतून उतरवून घेतला होता. दार शुहेईने उघडले. अंगात एप्रन, हाताला पीठ. कणीक तो मळतो वाटते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबा?"

मी म्हणालो, "सॉरी. राँग हाऊस."

"नो राँग," तो म्हणाला. "श्रुती लॅब. येते. बसा. चहा."

एवढे मराठी त्याला तू शिकवले असशील. उच्चार सदोष आहेत. मी वळलो आणि लिफ्टकडे निघालो. लिफ्टचे दार मिटेपर्यंत तो वाकलेला होता, पिठाचे हात मागे धरून. त्याने तुला सांगितले, म्हणून तू फोन केलास. त्याचा दोष नाही.

मी का बसलो नाही, ते आता लिहितो. हा परिच्छेद मी तीनदा फाडला आहे.

दोन वर्षांपूर्वी डेल्फ्टच्या नगरपालिकेत तुझ्या आणि शुहेईच्या लग्नाची नोंदणी होती. निमंत्रण आले होते. इथून दोन तासांचा प्रवास. मी गेलो नाही, आणि तुझ्या आईलाही जाऊ दिले नाही. ती चप्पल घालून नदीकडे निघून गेली. ती बाहेर असताना मी स्नान केले, जानवे उजव्या खांद्यावर घेतले आणि स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभा राहून तुझ्या नावाने तीन वेळा तिलोदक सोडले. काळे तीळ मिळाले नाहीत. तुर्की दुकानातले पांढरे होते. जिवंत माणसाला हे करता येत नाही, हे मला त्या क्षणी पूर्ण ठाऊक होते. मी चुकून केले नाही. जाणूनबुजून केले.

ज्या घरात तू चालतेस-फिरतेस, त्या घरात हे हात घेऊन चहाचा कप धरणे मला जमले नाही.

परत आल्यावर पुण्याच्या एका गुरुजींना फोन केला. नाव सांगितले नाही. ते म्हणाले, मृत समजून ज्याची क्रिया झाली तो जिवंत परतला, तर त्याला तुपाने न्हाऊ घालावे आणि जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावेत. बारसे, आणि लग्न झालेले असेल तर लग्नसुद्धा.

"घरातलंच आहे का कोणी?" त्यांनी विचारले.

"शेजारी आहेत," मी म्हणालो.

"मग शेजाऱ्यांना सांगा, उशीर करू नका म्हणावं."

उत्तर तू तोंडी मागितले होतेस. तोंडी मला जमेल याची खात्री नाही, म्हणून लेखी देतो. तू माझी मुलगी आहेस. तुझे लग्न पुन्हा लावणे शास्त्राला धरून आहे, आणि त्या लग्नाला मी येईन. तारीख तुम्ही दोघांनी ठरवावी. माझ्या जेवणाची मात्र सोय पाहावी.

तिलोदकाचे आईला अजून ठाऊक नाही. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तिला वाचायला देणार आहे. ती काय करील, मला सांगता येत नाही. पाकिटावर पत्ता तिच्या अक्षरात असेल, तर तिने सगळे वाचले आणि तरीही पाठवले, असे समज.

तुझा बाबा,
दामोदर केशव फणसळकर
नायमेखन, ११ जून २००६