फोनला मी मास्तर वाटले तेव्हा

बाबा,

तिकडे सगळे कसे आहेत? तुमचे गुडघे आता दुखत नसतील असं धरून चालते, कारण तिकडे कुणी कुणाला पायी तालमीला बोलावत नसणार. मायचा दमा कसा आहे? चूल फुंकावी लागत नसेल तर बराच असेल. मोठी आत्या अजून सगळ्यांच्या ताटात डोकावून, ‘एवढासाच भात?’ असं विचारते का? आपल्या दंडारीच्या खेळातले पेटीवाले काका शेवटी शेवटी ऐकू येईनासं झाल्यावरही बोटांवर वाजवत होते, त्यांचे कान उघडले का? आणि माणसांचं विचारून झालं म्हणून विचारते, पांढऱ्या बैलाचा खूर भरून आला का? तोही तिकडेच असणार. तुम्ही त्याला सोडून राहायचे नाहीत.

इकडे मी बरी आहे. पोळा झाल्यावर गडचिरोलीला जाऊन डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. नातू-पणतू दिसावेत म्हणून लोक डोळे करून घेतात. मी खरं सांगते, दिवाळीनंतरच्या नाटकांसाठी करून घेतला. गेल्या हंगामात मी रंगवलेल्या एका पोराच्या दोन भुवया दोन गावांच्या झाल्या होत्या, आणि तो बिचारा तसाच स्टेजवर गेला. कुणी बोललं नाही, पण मला कळलं. तुमची रंगांची पेटी माझ्याकडेच आहे. झिंक पावडर आता कुणी वापरत नाही, सगळं बाजारातून तयार नळीत येतं, पण काजळ मी अजून घरीच धरते, एरंडाच्या तेलाच्या दिव्यावर. तुम्ही ते मायच्या चुलीशेजारी धरायचे, आणि माय ओरडायची, ‘माह्या भाताले तुमच्या सोंगाचा वास येते!’ तुम्ही हसत तिच्याच गालाला काजळाचं बोट लावायचे. मी दारात उभी राहून बघते आहे, तुमच्या हातात ती काळी वाटी आहे, माय लटकं रागावते आहे आणि भात खाली लागतो आहे.

आज लिहायला बसले ते एका वेगळ्याच कारणानं. तुम्ही गेलात तेव्हा गावात एकही फोन नव्हता. आता माझ्याकडे तळहाताएवढा आहे, आणि त्याला कुलूप आहे. किल्ली म्हणजे आपलं तोंड. समोर धरलं की तो आपल्याकडे बघतो आणि ओळखीचं तोंड दिसलं तर उघडतो. अंगठ्यानंही उघडतो म्हणतात, पण माझे अंगठे आयुष्यभर रंग आणि रॉकेल चोळून गुळगुळीत झालेत, ते त्याला पटले नाहीत. म्हणून लेकानं तोंडाचं कुलूप लावून दिलं. तुमचा नातू बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात आहे. तो गेल्या साली आला तेव्हा आमची रंगीत तालीम चालली होती. तुम्हाला आपली पद्धत ठाऊकच आहे: सामान हरवू नये म्हणून ते अंगावर वागवायचं. मनगटावर मिशी चिकटवलेली, केसांत पिना, आणि नाकावर नाटकातल्या मास्तराचा गोल काळा चष्मा, काचा काढलेला. त्याच अवतारात त्यानं मला दाराशी उभं केलं, तोंड इकडे फिरव, तिकडे फिरव, आणि झालं म्हणाला. ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या.

नंतर घरी आल्यावर फोनचं वागणं नवऱ्यासारखं झालं. कधी ओळख दाखवे, कधी नाही. वाचायचा चष्मा घालून बल्बखाली बसले की हमखास नाही. मला आधी वाटलं बिघडला. मग तुमचं आठवलं. मी पहिल्यांदा एका नटाचं तोंड एकटीनं रंगवलं होतं, डॉक्टरचं काम. मी त्याला जाड काचांचा चष्मा दिला, आणि मनात म्हटलं, झाला डॉक्टर. दिवस मावळताना मंडपात पेट्रोमॅक्स पेटली, तो पुढे आला आणि त्याच्या तोंडावर नुसत्या दोन पांढऱ्या चकत्या दिसल्या. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, ‘पोरी, हा डॉक्टर होय का कंदील?’ मग पडद्यामागे नेऊन चष्म्याच्या काचा काढल्यात आणि म्हणालात, ‘माणूस डोळ्याच्या भोवतीच राह्यते. भुवई, नाकाचं मूळ, डोळ्याचा कोपरा. मिशी लाव, दाढी लाव, पब्लिक ओळखते. डोळे झाकले का गेला.’ तेव्हा मला फार लागलं होतं. जेवले नव्हते. पण बल्बखाली ते आठवलं आणि मी नुसती मान थोडी खाली केली, काचेवरचा बल्ब बाजूला सरकला आणि फोन उघडला. मी एकटीच मोठ्यानं हसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, आता अक्कल आली.

तर असं आमचं जमलं होतं. पण डोळ्याचं झाल्यावर लेकानं अट घातली. त्याचं आधीपासून म्हणणं, ‘घर बंद कर, आमच्याकडं चाल.’ मी म्हणे, नाही. शेवटी तो म्हणाला, ‘ठीक आहे. रोज सांजेले एक फोन. ज्या दिवशी नाई आला, त्या दिवशी मी येऊन तुले घेऊन जाईन. मंग भांडू नको.’ त्याचंही बरोबर आहे. डोळ्याचं काम झालेली म्हातारी, घरात दुसरं कुणी नाही. पण तिकडे गेले असते तर हंगाम गेला असता. एकदा हंगाम सोडला की मंडळी दुसऱ्याला बोलावते, आणि मग तुमची पेटी नुसती बघायला उरते. मी हो म्हटलं. त्यात काय, फोन तर लावायचा.

दवाखान्यातून त्यांनी मोठा काळा चष्मा दिला होता, उजेड लागू नये म्हणून. लेक चार दिवस राहून गेला. तो गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसले, कारण रेंज फक्त ओट्यावर, आणि फोन समोर धरला. नाही. मान खाली केली. नाही. वर केली, तिरकी केली. नाही. ह्या चष्म्यात चकाकी नव्हती की सरकवावी. डोळेच नव्हते. तुम्ही खलनायकाला काळा चष्मा का द्यायचे, ते आता कळलं. मग चष्मा काढला तर समोरून मावळतीचं ऊन. डोळा मिटमिटला, पाणी आलं, तोंड लिंबू खाल्ल्यासारखं झालं. ते तोंड तर मीही ओळखलं नसतं. तोंड पटलं नाही की फोन आकडे मागतो. आकडे पाठ होते, पण पाणी भरल्या डोळ्याला सगळे मुंग्यांसारखे. दोनदा चुकले, आणखी चुकले, आणि तो म्हणाला थांबा आता. शेजारची वहिनी माहेरी गेलेली. दुसऱ्या कुणाच्या दारी जाऊन ‘माझ्या लेकाला लावून दे’ म्हणायला जीभ रेटली नाही. गावात बातमी झाली असती, म्हातारीला फोनही उघडत नाही. फोन घेऊन आत गेले, थेंब टाकले, झोपले. आत रेंज नाही. तो बिचारा कामावरून सुटल्यापासून लावत राहिला असणार.

सकाळी सडा टाकत होते तर गाडीचा आवाज. लेक हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला.

‘माय, फोन काऊन नाई लावला?’

‘अगोदर पाणी तर पी.’

‘पाणी नाई पाहिजे मले. रातभर मी काय काय डोळ्यासमोर आणलं, तुले ठाऊक आहे का? कपडे भर.’

‘भरतो. फोडणीचा भात आहे, खाऊन घे. उपाशी पोटी मायले पळवून नेऊ नको, लोक काय म्हणतीन.’

तो रागानंच बसला, पण खाल्लं. मी सगळं सांगितलं. त्याला पटेना. त्यालाही चष्मा आहे ना, त्यानं तो घालून आपला फोन उघडून दाखवला. ‘हे पाय. चष्म्याचं काई नाई. तुलेच जमत नाई.’ मी म्हटलं, तुझ्या काचेतून डोळे दिसतात रे बाप्पा, माझे झाकलेत. आता हा काळा तुझ्या नाकावर चढव आणि उघड. त्यानं चढवला. फोन गप्प. त्यानं पुन्हा धरला. गप्प. मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं आणि एकदम विचारलं, ‘माय, मी फोनात तुह्यं तोंड भरलं त्या दिवशी तुह्या नाकावर काय होतं?’

माझं बोट नाकावर गेलं. मी म्हटलं, ‘मास्तर.’

बाबा, तो हसला ते भाताचं ताट बाजूला ठेवून हसला. ‘म्हणजे वर्षभर ह्या फोनले तू मास्तर वाटून राह्यली! आनं मी म्हणतो, मायचं तोंड याले काऊन पटत नाई!’ हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि मग हसू थांबलं पण डोळे तसेच राहिले. म्हणाला, ‘मले भेव वाटते माय. फोन नाई आला का मले भेव वाटते.’

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, ‘भेव वाटन तवा येत जाय. मी पण येईन तिकडं, पाहुणी म्हणून. पेटी घेऊन नाई. आता मास्तरले हाकलून मले बसव त्याच्यात.’

त्यानं जुनं तोंड पुसलं. नवं भरायला मला भिंतीशी उभं करत होता, मी म्हटलं, उजेड बघणं माझं काम, जागा मी सांगते. दाराकडे तोंड, उजेड समोरून पण उन्हाचा नाही, मागे काही चमकणारं नको. काळा चष्मा काढला, क्षणभर डोळे मिटून मन निवांत केलं, जसं तुम्ही नटाला रंग लावण्याआधी करायला सांगायचे, आणि मग उघडले. एकदाच भरलं. मग त्यानं दुसरं तोंडही भरता येतं म्हणून सांगितलं, ते वाचायच्या चष्म्यासकट भरलं. आणि आकड्यांची युक्ती मात्र त्याची. त्यानं असे आकडे निवडले की डोळे झाकूनही बोट बरोबर पडेल. कोणते ते इथं लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती पडलं तर?

एवढं होऊनही तो जाताना कपाटाकडे बघत होता. माझी पिशवी काढू की नको, असा. मी त्याच्या हातात हेल्मेट दिलं. तो गाडीवर बसला, वळणाकडे निघाला. मी ओट्यावर सावलीत आले, काळा चष्मा कपाळावर चढवला, फोन समोर धरला. उघडला. त्याला लावला. तो वळणावरच्या टाकीजवळ थांबलेला मला दिसला. आधी तेवढ्या लांबचं काही दिसायचं नाही, नव्या डोळ्यानं त्याच्या शर्टाची रेघसुद्धा दिसली.

‘आता काय झालं?’ त्यानं घाबरून विचारलं.

‘काई नाई. उघडला म्हून लावला.’

पलीकडून गाडी बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, ‘बरं. सांजेले लावजो.’

गाडी चालू झाली, आणि तो बल्लारपूरच्या रस्त्याला लागला. मी आत आले आणि पेटी उन्हात ठेवली. दिवाळीच्या आत सगळे कुंचले धुवून व्हायला हवेत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून टाकणार नाही. पण एक गोष्ट लेकाला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. दुपारी घर फार शांत असतं. कुणाला लावायचं नसलं तरी मी फोन उगाच समोर धरते. तो उघडतो. मी बंद करते, पुन्हा धरते. पुन्हा उघडतो. मला बरं वाटतं.

मायला सांगा भात खाली लागू देऊ नको. आणि उत्तर लवकर लिहा. तुमचं अक्षर बारीक आहे तर असू द्या, आता मला दिसतं.