मंत्री अकरा महिन्यांचा झाला

फ्राय बेंतोस, ११ मे

ती. वन्सं एदुविहेस यांस अझुसेनाचा नमस्कार आणि गालावर एक पापा (गाल पुढे केलात तर).

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुम्ही फोन उचलत नाही. चारदा लावला. गुडघा कसा आहे? हिवाळा तोंडावर आलाय, मिनासला डोंगराकडचा वारा सुटला असेल, लोकरीचे मोजे घालत जा. तुमचा कॅनरी पक्षी अजून पहाटे उठवतो का? इकडे मी बरी आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे माझ्या दोन्ही कोपरांना खरचटलंय, बागेत एकही जेरॅनियम उभं नाही, आणि गावात मला आता कुणी 'निवृत्त मुख्याध्यापिका' म्हणत नाही, 'मंत्र्याची बाई' म्हणतात.

मंत्री म्हणजे तोच, तुमच्या भावाने जाण्याआधी दोन महिने मला न विचारता घरी आणलेला. तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टोपलीत मावत होता. नावही उबाल्दोनेच ठेवलं. म्हणाला, "दिवसभर लोळतो आणि ताट वाजलं की सगळ्यांत आधी उभा राहतो, दुसरं काय नाव ठेवणार?" बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की थांबायचा, पंजा तर न मागता द्यायचा. दफनाच्या दिवशी तुम्ही अंगणात सर्वांसमोर म्हणालात, "कुत्रा मला दे. गणवेशातल्या पोरांशिवाय तुला कुणाला सांभाळता आलंय?" त्यावर मी जे बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुमच्या लक्षात असेलच, सात महिने फोन न उचलण्याइतकं.

तर हा आठ महिन्यांचा झाला आणि एका सकाळी सगळं विसरला. वन्सं, सगळं! 'बस' म्हटलं की माझ्याकडे असा बघायचा, जणू मी जर्मन बोलतेय. पाय लांब, कान त्याहून लांब, आणि मधल्या भागाला कुठे जायचंय ते ठरलेलं नाही. फेब्रुवारीत त्याने उबाल्दोची डावी सपात खाल्ली. (पलंगाखाली तशीच ठेवली होती मी, जोडीने. लोक म्हणायचे आवर आता, पण मला ते जमत नव्हतं.) मी जमिनीवर बसून तासभर रडले, त्याला नाही नाही ते बोलले, आणि मग उठून उजवी सपात स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. एकट्या सपातेचं काय करायचं? चार महिने जे झालं नव्हतं ते त्या गाढवाने एका दुपारी करवून घेतलं. त्याबद्दल त्याचे आभार मानावेत की नाही, ते अजून ठरवते आहे.

मार्चमध्ये वाचनालयाच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. खरे मंत्री यायचे होते, पण त्यांच्याऐवजी कुणी सचिव आले, टाय लावून. मी पहिल्या रांगेत. मंत्र्याला (आमच्या) बाहेर झाडाला बांधलेलं. नगराध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलं असताना माझ्या लक्षात आलं, की खाण्याच्या टेबलाची चादर हलते आहे. पुढचं काही ठरवून झालं नाही. पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर कमावलेल्या आवाजात मी ओरडले, "मंत्र्या, सोड ते! लोकांसाठी ठेवलंय, तुझ्या बापाचं आहे का?" मग मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि वाढतच गेल्या. सचिवांनी हातातलं बिस्किट हळूच बशीत परत ठेवलं. मंत्र्याने काही सोडलं नाही. उद्घाटनाची फीत गळ्यात घालून तो नदीच्या दिशेने निघून गेला.

तेव्हा मी त्याला आन्सेल्मोच्या वर्गात घातलं. आन्सेल्मो म्हणजे लष्करातून निवृत्त झालेला कॉर्पोरल (तिथे तो बँडमध्ये ढोल वाजवायचा, पण हे तो सांगत नाही). शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर आठ कुत्री आणि आठ माणसं यांना तो कवायत शिकवतो. तिसऱ्या शनिवारी मंत्र्याने उरलेल्या सातांना गोलपोस्टखाली बीळ खणायला शिकवलं, आणि आम्हाला वर्गातून काढून टाकण्यात आलं. वन्सं, मी आयुष्यात पहिल्यांदाच वर्गाबाहेर उभी राहिले. तिथून फार वेगळं दिसतं सगळं. निघताना आन्सेल्मो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, हा विसरलेला नाही. वयात आलाय. काल तुम्ही सांगितलेलं आजही खरं आहे का, एवढंच तपासून बघतोय." मी घरापर्यंत चालत आले आणि सहावीतली किती तरी पोरं आठवत राहिले. त्या सगळ्यांना मी एकच शब्द लावला होता, उद्धट. प्रगतिपुस्तकात, लाल शाईने.

मग एप्रिलमध्ये तो रोज दहाच्या सुमारास भिंतीवरून उडी मारून जायला लागला आणि बाराला परत यायला लागला, कार्यालयातून यावं तसा. एके दिवशी मी घरच्या चपला घालूनच त्याच्या मागे निघाले. स्वारी थेट नाझारेनोच्या मटणाच्या दुकानात. हा नाझारेनो माझाच विद्यार्थी. तिसरीत मी त्याला दोनदा नापास करून बसवला होता. आता शेहेचाळीस वर्षांचा आहे, दारात मावत नाही, पण मला बघताच त्याने सिगरेट पाठीमागे लपवली. आणि उंबऱ्याशी मंत्री बसला होता. पंजे जुळवून, देवळातल्या पुतळ्यासारखा!

"हाडं टाकतोस ना याला, म्हणून बसतो," मी म्हटलं.

"नाही बाई. हाड दुकान बंद करतानाच, एक. तोवर तसाच बसतो."

"मग तुझं का ऐकतो?"

तो ॲप्रनला हात पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "राग मानू नका. मी त्याला एकदाच सांगतो. तुम्ही वर्गात प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायचात. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही तिसऱ्याची वाट बघायचो."

मी रागावले, अर्थातच. मंत्र्याला गळपट्ट्याला धरून ओढत घरी आणलं (कोपरं त्याच वेळी खरचटली). मातेचा कडू चहा भरला आणि प्यायचाच विसरले. वन्सं, दफनाच्या दिवशी अंगणात तुम्ही मला आणखी एक विचारलं होतंत, हळू आवाजात, फक्त मला. छातीत दुखत होतं तर त्याला डॉक्टरकडे का नेलं नाहीस. मी उत्तर दिलं नव्हतं. आज देते. मी उबाल्दोला सांगितलं होतं. एकदा रविवारी, तो मासेमारीचा गळ दुरुस्त करत होता तेव्हा. एकदा बुधवारी, जेवताना. दोन्ही वेळा तो "हो, हो" म्हणाला. तोही माझ्याच हाताखाली बत्तीस वर्षं शिकलेला. शुक्रवारी सांगायचं मी मनात ठरवलं होतं. गुरुवारी तो गेला.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. कुत्र्याला सांगितलं, पण तो तेव्हा उशी फाडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात उभी राहिले. मंत्री लिंबाच्या झाडाशी काहीतरी उकरत होता. मी म्हटलं, "ये." आणि तोंडावर हात ठेवला. अक्षरशः. नाहीतर निघालंच असतं पुढचं. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. बराच वेळ गेला. शेजारच्या रेडिओवर हवामान सांगून झालं. मग तो आला. धावत नाही, चालत, आपल्या मर्जीने येतोय असं दाखवत, आणि मातीने बरबटलेली हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवून उभा राहिला. त्यानंतर मी काय केलं ते लिहीत नाही, मुख्याध्यापिकेला शोभणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर आला नाही. परवा आला. काल भिंतीवरून गेला, पण जाण्याआधी थांबला आणि मागे वळून पाहिलं. आन्सेल्मो म्हणतो, हीसुद्धा प्रगती आहे. इतक्या कमी गुणांवर मी कधी कुणाला पास केलं नव्हतं.

बाकी क्षेम. गुडघ्याला गरम तेल लावत जा.

तुमची भावजय,
अझुसेना

ता. क. जुलैच्या तीन तारखेला पायसांदूला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर तीन आठवडे वाकायचं नाही, ओढाताण करायची नाही, म्हणजेच मंत्र्याशी संबंध ठेवायचा नाही. आन्सेल्मोने नकार दिला आहे. नाझारेनो तयार आहे, पण त्याच्या बायकोच्या पाच मांजरी तयार नाहीत. कुत्रा तुम्ही मागितला होता, म्हणून तुम्हाला विचारते. मात्र त्याला बस लागते, तेव्हा तुमच्याकडे पाठवता येणार नाही. तुम्हालाच इकडे यावं लागेल. मागची खोली झाडून ठेवली आहे. कॅनरीचा पिंजरा टांगायला उंच खिळा ठोकून घेतला आहे, उडी मारूनही पोचणार नाही इतका उंच.

ता. क. २. ऑपरेशन जुलैत आहे हे खरं, पण मिनासहून बस मे महिन्यातही सुटते.

ता. क. ३. पत्राची पानं मोजलीत तर एक कमी भरेल. त्या दिवशी तुम्हाला जे बोलले त्याची माफी त्या पानावर होती, सविस्तर, पाठपोट लिहिलेली. मी पाकीट आणायला उठले तेवढ्यात ते मंत्र्याने खाल्लं. 'कुत्र्याने पान खाल्लं' हे कारण मी पस्तीस वर्षांत एकाही मुलाकडून ऐकून घेतलं नाही. वन्सं, तुम्ही घ्याल ना?