यशूच्या बाटलीची लढाई

३ नोव्हेंबर
हद्द झाली आज. अंगणवाडीत बायांले दुधाच्या बाटलीचे तोटे सांगून राह्यली होती मी, दात किडतात, भूक मरते वगैरे. अन् मागून माह्यीच यशू बाटली तोंडात धरून हजर! अडीच वर्षाची घोडी. बाया खो-खो हसल्या. सुषमा म्हणते, "मॅडम, आंधी घरचं पाहा न." असा संताप आला! पण खोटं काय बोलली? यशूचे समोरचे दोन दात काळे पडले. सगळ्यांसमोर शब्द दिला, उद्यापासून बाटली बंद.

५ नोव्हेंबर
कपात दूध दिलं. कप भिंतीवर. दुसरा दिला, माह्या अंगावर. मनगटाले अशी चावली का रक्त आलं.
सासूबाई : "दे न वं बाटली, लेकरू हाये थे."
मी ओरडली. त्याबी ओरडल्या. यशूचे पप्पा भरल्या ताटावरून उठले अन् दार असं आपटलं का कडीच निखळली.

६ नोव्हेंबर
निपलले कडूलिंबाचा पाला वाटून लावला. चोखून घेतला कार्टीनं! वर हसली.

७ नोव्हेंबर
सासूबाई माह्या माघारी बाटली देऊन राह्यल्या होत्या. पिठाच्या डब्यात लपवतात. मी हिसकली. "माह्या नातीले उपाशी मारतं का?" म्हणून वरवंटा आपटला त्यायनं. फरशी तडकली.

८ नोव्हेंबर
मारलं. मी मारलं तिले. दोन थापडा. पाची बोटं उमटली गालावर.
बाबा मारत तवा मी खाटेखाली जाऊन बसत होती. यशू नाई गेली. माह्याच गळ्यात पडून रडली, मारणारीच्याच. मीबी रडली मग. लाज वाटते लिहाले.

१० नोव्हेंबर
सुषमानं सांगतलं होतं, मिरची लावा, आमच्या तिघांची अशीच सुटली. असं करायचं नसते हे मले माहीत होतं. दुसऱ्या बायांले मीच दटावते. तरी लावलं. भिवापुरी तिखट, चिमूटभर.
"घे पिल्लू, मम्मीनं आणली." बाटली पाहून काय हसली! दोन्ही हात पुढं.
मग किंकाळी. तोंडाचा हात डोळ्याले लावला. डोळा लालबुंद, लेकरू जमिनीवर लोळून राह्यलं, मी पाणी मारून राह्यली. सासूबाईनं झिंज्या धरून पाठीत बुक्के घातले. मी नाई अडवलं. अजून मारा म्हणलं. पप्पांनी बाटली अंगणात नेऊन दगडानं ठेचली. ठेचतच राह्यले.
डॉक्टर म्हणे, डोळा वाचला.

१३ नोव्हेंबर
सुटली बाटली. नावबी नाई काढत. दूधबी नाई पेत. सासूबाईच्या हातून खाते, पप्पाच्या हातून खाते. मी घास पुढं केला का तोंड मिटून घेते. रडत नाई, ओरडत नाई. रडली असती तं बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर
सुषमा सगळ्या बायांसमोर, "जमली न मिरची, मॅडम?"
"नाई लावाची. कोणीच नाई लावाची." मोठ्यानं बोलली मी, लेकरं दचकली.
"काऊन? सुटली न?"
मी वजनाचा काटा लावत बसली.

१७ नोव्हेंबर
आज कप घेतला. माह्या हातून! तोंडाजवळ नेला, वास घेतला अन् परत माह्यासमोर धरला.
"मम्मी, आंधी तू पे."
एक घोट पेली. हसून दाखवलं.
"आखीन पे."
पेली. कप अर्धा झाला. थे अजून माह्या तोंडाकडंच पाहून राह्यली होती.