सीट पुढं, सीट मागं

८ जून, कोळवण
काल घरी आलो. बॅग अजून सोडलेली नाही. मनालीचा ढाबा, मग गोव्यात एकाच्या शॅकवर, मग कंटाळा. आल्या आल्या छोटीकडे गेलो. छोटी म्हणजे आमचा बारका ट्रॅक्टर. मीच पसंत केलेला. पूजेच्या फोटोत सीटवर मी आहे, दादा बाजूला नारळ धरून उभा.
बसलो तर गुडघे स्टेअरिंगला लागले. सीट पुढं ओढलेली. वर क्रोशाचं कव्हर. ट्रॅक्टरला क्रोशा.
वहिनीचं काम. मी नसताना ट्रॅक्टर चालवायला शिकली म्हणे. दादा उरवड्याला कंपनीत शिफ्टला, आबांचा गुडघा गेलेला, मग चालवणार कोण, तर ती. आई असं सांगत होती जसं काही सून विमान उडवते.
सीट मागं ढकलून आलो.

९ जून
सकाळी सीट परत पुढं.
वहिनी शेणखत टाकायला घेऊन गेली तेव्हा ओट्यावरून ऐकलं. वळताना डाव्या पुढच्या चाकाकडून खट्. परत आल्यावर बघितलं. स्टेअरिंग चार बोटं फिरतं तरी चाक जागचं हलत नाही. दोन्ही चाकांना जोडणारा जो टाय रॉड, त्याच्या टोकांचे सांधे झिजलेत. त्यांच्या रबरी टोप्या धसकटांनी फाटल्यात, आत गेल्या साली शिरलेला चिखल वाळून सिमेंट झालाय. असंच भाताच्या खाचरात उतरवलं तर एक दिवस सांधा निसटेल आणि चाकं दोन दिशांना.
आबांना म्हणालो, दुरुस्त मी करतो आणि यंदा लावणीआधीची चिखलणीपण मीच करतो.
आबा तंबाखू मळत म्हणाले, "दुरुस्त कर. चावी शीतलकडं ऱ्हाईल. तुझ्या हाताला गुण हाय सागऱ्या, बुडाला न्हाई."
शीतल, म्हणजे वहिनी, तिथंच तांदूळ निवडत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

१२ जून
पिरंगुटला सांधे आणायला गेलो. पैसे देताना पक्याचा फोन. शाळेतला पक्या, आता बावधनला असतो, म्हणाला जुनी मोटरसायकल घेतलीय, बघायला ये. गेलो. चांदणी चौकात चुकीच्या पुलावर चढलो, उतरलो, परत त्याच पुलावर. गाडी भारी आहे. तिकडं हिमालयात स्पितीला जायचं म्हणतोय. इथंच झोपतो आता.

१३ जून
दुपारी पोचलो. वहिनीने ट्रॅक्टर जॅकवर घेतलेला. मागच्या चाकांना दगड, पिना काढून लोणच्याच्या वाटीत, टाय रॉड डिझेलने धुऊन पोत्यावर मांडलेला. मला करायला ठेवलं काय?
माझ्या हातातली पुडी उघडून म्हणाली, "भावजी, दोन्ही उजव्या आट्याचंच हायेत."
एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. लहान पोराला कळेल. मला माहीत आहे. पक्याशी फोनवर बोलता बोलता बघायचं राहिलं. तिने दुकानदाराला फोन लावला, डावा सांधा संध्याकाळच्या जीपवाल्याबरोबर पाठवा म्हणाली. जीपवाला तिला "ताई" म्हणतो. मला ओळखलं नाही त्याने.

१६ जून
आज मात्र माझा दिवस. सांधे बसवले, चाकं दोरीने सरळ केली, पिना नव्या. ग्रीस भरत गेलो, काळं बाहेर पडून पिवळं येईपर्यंत. स्टेअरिंगचा डबा, सगळे सांधे, सगळं ग्रीसने माखून टाकलं.
मग माझं डोकं. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून सांध्यांवर मोज्यासारखे चढवले. वरची बाजू क्लिपने पक्की, खालची जरा सैल, म्हणजे पाणी गेलंच तर उतरेल. लोक दोन्हीकडून गच्च आवळतात, मग आत पाणी कोंडतं आणि सांधा कुजतो. उरवड्याच्या भंगारातून जाड पट्टा आणला, तो टाय रॉडच्या पुढं पडद्यासारखा टांगला. धसकटं आधी त्याला लागतील.
चालवून बघितली. लोण्यासारखी वळते. वहिनी बाजूने चालत येत होती, एकदा म्हणाली, "आवाज गेला की." एवढंच.
संध्याकाळी शेजारचे तुकानाना आले, पट्टा हाताने हलवून बघितला. "शीतलनं ट्रॅक्टर नटवला की रं."
  काम माझं आहे हे तिने सांगायला पाहिजे होतं.

१९ जून
तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून लावायला आलाय. गावात चिखलणीच्या तारखा लागतायत आणि सगळे तारीख तिला विचारतात. पलीकडच्या फार्महाऊसवाल्या पुण्याच्या बाईने तिचा व्हिडिओ काढला. त्यात मागे मी आहे, ग्रीस गन हातात, अर्धा.
त्या बाईने एक टर्की कोंबडा पाळलाय, तो कुत्र्यावर धावून जातो. तासभर तेच बघत बसलो.

२० जून
स्टेअरिंगच्या डब्यावर एक स्क्रू असतो, वर लॉकनट. त्याने आतल्या दातांमधली ढिलाई कमी होते. आज घरी कोणी नव्हतं. नट सोडला, स्क्रू अर्धा फेरा आवळला, नट परत घट्ट. थोडी ढिलाई वाटत होती म्हणून.
वाटत नव्हती.
आता स्टेअरिंग जड लागतं. मला चालेल. ज्याला झेपत नाही त्याने चालवू नये.

२३ जून
चिखलणी सुरू. वहिनी सकाळपासून खाचरात. वळणावर उभी राहून दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढते, साडीवरचा दादाचा शर्ट पाठीला चिकटलेला. बांधावर बसून बघितलं. मजा येईल असं वाटलं होतं.
संध्याकाळी तिला भाकरी थापता येईना. मनगटं सुजलेली. आईने थापल्या. दादा शिफ्टवरून आला तो कपडे न बदलता तिच्या हाताला तेल चोळत बसला. ते बघून वाईट वाटलं मला, म्हणजे तिचं नाही, माझं. मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी आजारी पडलो, कोणी असं
जाऊ दे.
आबा म्हणाले, "झेपंना तर सागऱ्याला दे."
ती म्हणाली, "झेपतंय."

२४ जून
वरच्या खाचरातून खाली उतरताना वळवलेलं स्टेअरिंग परत सरळ आलं नाही. एरवी हात सैल सोडला की आपोआप सरळ होतं, आज अडकून राहिलं. पुढचं चाक बांधावर चढलं, बांध फुटला, छोटी तिरकी. पलीकडे तुकानाना तरव्याच्या मुठी बांधत बसले होते, ते चिखलात मागं पडले. चाक त्यांच्यापासून हातभर लांब थांबलं. वहिनीने क्लच, ब्रेक सगळं दाबून धरलेलं.
नाना उठून, कोपरापर्यंतचा चिखल निथळत म्हणाले, "पोरी, मला लावणीत धरलंस काय?" सगळे हसले. मी नाही.
आबांनी तिच्या हातातून चावी घेतली आणि मला दिली. सगळ्यांसमोर. तिने मान खाली घातली. पाहिजे होतं ते झालं.
छोटी घरी आणली, माझ्याच हाताला कळ लागली. धुतली. मोज्यांच्या आत चिखल नव्हता, पट्टा जागेवर. माझं काम टिकलं. मग डब्यावरचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि स्क्रूवर रेघ दिसली. मरून रंगाचं नेलपॉलिश. स्क्रूपासून नटावरून थेट डब्यापर्यंत ओढलेली एकच रेघ, आता तुटलेली. स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, डब्यावरचा दुसरीकडे.
हा रंग घरात एकाच बाटलीत आहे.
जेवलो नाही.

२५ जून
मीच गेलो. वहिनी तरवा उपटत होती. शेजारी बसून उपटायला लागलो. मुळं तोडत होतो, ती माझ्या मुठी परत सारख्या करत होती.
म्हणालो, रेघ बघितली.
"तुमी बावधनला व्हता तवा वढली," ती म्हणाली. "काय खोलाय लागलं तर परत जागच्या जागी बसावं म्हणून. तुमच्यावर पाळत न्हाई ठिवली."
मग आबांना काल का नाही सांगितलं, विचारलं.
"रेघ मी काल रातीच्याला जेवनाआधी बघितली. तुमी पुसून ठिवली व्हती म्हणून दिसली." मूठ बांधली, टाकली. "सांगितलं असतं तर आबांनी तुमाला छोटीला हात लावू दिला नसता. मग तिचं दुखणं कोण ऐकणार? तुमी ओट्यावर बसून सांगता कुटं झिजलंय. मी रोज तिच्यावर बसते, मला न्हाई ऐकू येत. लई जळते मी."
 मी म्हणालो, तुम्ही? माझ्यावर?
"नुसतं त्याच्यावर न्हाई. तुमी स्टेअरिंग न धरता कुटंबी जाता. मला धरूनबी बांधापतूरच."
तिने पुढची मूठ उपटायला घेतली. नानांच्या वाट्याचा तरवा उरकायचा होता.

२६ जून
नट सोडला. स्क्रू मागं घेतला, रेघ रेघेला लागेपर्यंत. नट आवळताना स्क्रू जरा फिरला, परत सोडला, परत जुळवला. आता एकच रेघ दिसते. हात सोडला की चाकं सरळ होतात.
आबांना सांगितलं. सगळं नाही. दोष स्टेअरिंगचा होता, तिचा नव्हता, एवढं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि तंबाखूची डबी बंद केली.
पक्याचा मेसेज. परवा निघतोय स्पितीला, मागची सीट रिकामी आहे. अजून उत्तर दिलं नाही.
उद्या नानांचं खाचर. चावी माझ्या खिशात. वहिनीने मागितली नाही, आणि मी देतो म्हटलं नाही. दिली तर उद्या गाव म्हणणार, सागऱ्या पळाला परत. ठेवली तर
ऊन उतरताना छोटीपाशी गेलो. सीट मागं आहे. मी केली नव्हती. क्रोशाचं कव्हर काढून, घडी करून, टूलबॉक्सवर ठेवलंय.
खटका दाबून सीट पुढं, तिच्या मापाला घेतली. बसून बघितलं, गुडघे लागतात. तसाच बसून राहिलो, आई चहाला हाका मारत होती तरी.