हिरवा मणी

॥ श्री ॥

सोलापूर,
ता. १५ जानेवारी १९३४

ती. मामांस कुंडलिकाचा सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ पाठवला आहे. मामींनी तो उंदरांपासून आणि तुमच्यापासून जपावा.

इकडे क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे पाचावर धारण बसली आहे. मोहोळकडच्या श्रीमंतरावांची यशोदा मी पाहून आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पानाचं तबक पुढे करताना ती जरा हसली, तेव्हापासून कचेरीत माझी एकही बेरीज जुळत नाही. करायची तर हीच, असं मी ठरवून टाकलं आहे. पण श्रीमंतरावांचा निरोप आला, की मुलगा शिकलेला आहे, नोकरी आहे, ते सगळं ठीक. मात्र त्यांच्या घरात शिकार मर्दानं मारायची, मर्दानं साफ करायची आणि मर्दानंच शिजवायची, बायकांनी हात लावायचा नाही अशी रीत आहे. तेव्हा येत्या रविवारी हुरड्याला यावं. पाखरं ते मारतील, साफ करून रस्सा मी करायचा. जमलं तर सुपारी फोडू, नाहीतर कुर्डुवाडीचा रेल्वेतला एक मुलगा तयारच आहे.

मामा, पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे मी चाकू धरलेला नाही. तुमच्याकडे शाळेला होतो तेव्हा तुम्ही पाखरं घेऊन गोठ्यामागे जायचात, आम्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायचा नाहीत, आणि घटकाभरानं स्वच्छ मांसाचं पातेलं घेऊन यायचात. ती विद्या आता लिहून पाठवा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, रविवारपर्यंत थोडा जास्त असावा.

आपला,
कुंडलिक


माढा,
ता. १७ जानेवारी १९३४

चि. कुंडलिक यास मानसिंग मामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. लई बरं वाटलं. शेवटी पोराला मामाची किंमत कळली म्हणायची. तुझी मामी म्हणाली, मी दोन वळी लिवते. म्या सांगितलं, ह्यात बायकांचं काय काम, तू तुझ्या तिळाच्या वड्या बघ. तवापासनं तोंडाला पदर लावून हसतीया. तिळगूळ जादा झाला आसंल.

आता नीट ध्यान दे. पिसं काढताना वाऱ्याकडं तोंड करून बसायचं, म्हंजी वास येत न्हाय. गळ्याखाली दाण्याची पिशवी असती ती टाकायची. मग पोट फाडायचं, बेतानं. कलेजीला चिकटून एक हिरवा मणी असतो. त्यो खरा माल. त्यो जिवापाड जपायचा आन शेवटाला रश्श्यात सोडायचा. ही गोष्ट म्या आजवर कुणाला सांगितली न्हाय. काळं तिखट हात राखून घाल.

त्या रेल्वेवाल्याला भिऊ नगं. त्याला शिट्टीबिगर काय येतंय. घराण्याचं नाव राख. आमची माया हाय तशीच हाय, फकस्त रस्सा कसा झाला ते कळीव.

तुझा,
मानसिंग मामा


सोलापूर,
ता. २२ जानेवारी १९३४

ती. मामांस कुंडलिकाचा सा. न. वि. वि.

रस्सा कसा झाला ते कळवायला सांगितलं होतंत, कळवतो.

श्रीमंतरावांनी सकाळीच लावे आणि तित्तर पाडून ठेवले होते. मळ्यात ते, त्यांचे थोरले भाऊ, तो रेल्वेवाला आणि शेजारच्या शेतातले गुरप्पा असे बसले होते. गुरप्पा लिंगायत, ते फक्त हुरड्याला आलेले. मी वाऱ्याकडे तोंड करून बसलो. वास आला नाही हे खरं, कारण नाकात पिसं होती. उरलेली माझ्या डोक्यावरून मागे गेली आणि मागे पंगत होती. हुरड्यात पिसं, दह्यात पिसं. श्रीमंतरावांच्या मिशीत एक अडकलं, ते सांगायची कोणाची छाती होईना. गुरप्पा आपली वाटी घेऊन स्वतःच्या बांधावर जाऊन बसले.

मणी मात्र जपले. एकेक काढून पळसाच्या पानावर मांडला आणि शेवटी रश्श्यात सोडून चांगलं ढवळलं. पहिला घास घेतला तर कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं झालं. मामा, ते कडूजहर होतं. श्रीमंतराव घास गिळून, मिशीला पीळ देऊन म्हणाले, की रानचं पाखरू असंच कडसर लागायला हवं, शहरात ही चव कळायची नाही. भावानं मान डोलावली. रेल्वेवाल्यानं तर असा रस्सा पुण्यातही मिळत नाही म्हणून आणखी वाढून घेतला. खोपीच्या आड यशोदा आणि तिची आई भाकरी घेऊन आल्या होत्या, तिकडे बांगड्या वाजत होत्या. मग श्रीमंतरावांनी मला विचारलं, की तुम्हाला कसा वाटला. माझ्यानं राहवेना. सांगून टाकलं, की रस्सा विषासारखा कडू झालाय, काय चुकलं ते कळत नाही, पण चुकलंय माझंच, कोणी खाऊ नये.

श्रीमंतरावांचा चेहरा पडला. मोहोळ स्टेशनापर्यंत मला सोडायलाही कोणी आलं नाही. यशोदा गेली हातची. फार वाईट वाटतं आहे, जेवण जात नाही. तुमच्यावर राग नाही. थोडा आहे.

लोभ ठेवावा, मात्र सल्ला पुन्हा पाठवू नये.

आपला,
कुंडलिक


माढा,
ता. २७ जानेवारी १९३४

चि. कुंडलिकास सारजामामीचे अ. आ.

तू शाळेत असताना मला शिकवलेल्या अक्षरांतच लिवतीया, चुकलं तर मास्तरचं चुकलं.

तुजं पत्र वाचून हे पागोटं घालून रानात निघून गेले. आता खरं ऐक. पाखरं गोठ्यामागं न्यायचे हे, पर साफ करायची म्या. हे पाठमोरं बसून तंबाखू मळायचे, ह्यांना रगत बघवत न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून म्या गप राहिले. त्यो हिरवा मणी म्हंजी पित्त. त्ये फुटलं तर समदं कडू, म्हणून म्या लई जपून बाजूला काढते आन लांब टाकते. ह्यांनी कवातरी मान वळवून तेवढं जपणंच बघितलं, टाकणं बघितलंच न्हाय. एवढी जपतीया म्हंजी मोलाचं आसंल, असं धरून बसले.

काल यशोदेची आई रुक्मिणबाई पावण्यांकडं माढ्याला आली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. आरं, त्यांच्याकडं बी तीच तऱ्हा. खोपीमागं लग्नापासनं पाखरं साफ करती ती, आन मिशीला पीळ देत्यात श्रीमंतराव. पित्त कसं असतं ते त्यांनी जल्मात बघितलं न्हाय, म्हणून तर कडूला चव म्हणाले. घरी येऊन गुळाचा खडा चघळत बसले म्हणं. रेल्वेवाला दुसऱ्या दिवशी कामावरच गेला न्हाय.

यशोदेनं बापाला तोंडावर सांगितलं, की कडू खाऊन ग्वाड म्हणणारी माणसं ह्या घरात हायत तेवढी पुरं झाली. मला कडूला कडू म्हणणारा पायजे. श्रीमंतराव दोन दिस फुगून बसले, मग आपणच रुक्मिणबाईच्या हाती निरोप धाडला. सुपारी फोडायला बोलावलंय. आता जेव नीट.

लग्नाआदी एक दिस हिकडं ये. पाखरं साफ करायला शिकवते. पर गोठ्यामागं न्हाय, म्होरं वसरीवर, समद्यांदेखत. हे पाणी घालायला बसणार हायत, तसं कबूल करून घेतलंय.

माझी माया हाय, ती कडू व्हायची न्हाय.

तुझी,
सारजामामी

ता. क. हिरवा मणी टाकून देणे. — मानसिंग